शोधण्याची मजुरी

परभणीत एप्रिल लागला की बायकांच्या गप्पांत दोन आकडे फिरायला लागतात. एक कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेनं नोंदवलेलं कालचं तापमान आणि दुसरा, कुणाच्या एसीला किती खर्च आला तो. पहिल्याबद्दल वाद नसतो. दुसऱ्याबद्दल कधी एकमत होत नाही. एकीचं काम सहाशे रुपयांत भागलेलं असतं, तिच्या भिंतीपलीकडं साडेतीन हजार गेलेले असतात आणि तिसरीकडं ‘बोर्ड गेला, नऊ हजार लागतील’ हे ऐकून एसी बंदच करून ठेवलेला असतो. मशीन तिन्हीकडं दीड टनाचंच. मग कुणीतरी म्हणतं, "लुटायलेत हो सगळे," आणि विषय संपतो.

मला तो तिथं संपवावासा वाटत नाही. काही जण लुटतात, खरं आहे. पण या आकड्यांमधला बराचसा फरक आमच्या उन्हाचा, धुळीचा, विजेचा आणि आपण नेमके कशाचे पैसे द्यायला तयार असतो याचा आहे.

मराठवाड्यात एसीला अजूनही चैन म्हणणारी माणसं भेटतात, म्हणून आधी त्याबद्दल. माझ्या सासऱ्यांचं गावातलं घर माळवदाचं होतं. रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पुढं दर वर्षी माळवदावर माती टाकायला माणूस मिळेना, तुळया वाकल्या आणि तिथं स्लॅब आला. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते आपल्या अंगावर सोडतो. रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला तरी ती गरम लागते, हे इथल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणालाही विचारा.

मग कूलर होताच की, असं कुणी म्हणेल. कूलर मुंबईपेक्षा आमच्याकडं कितीतरी चांगला चालतो, कारण हवा कोरडी. पाण्याची वाफ होताना ती हवेतली उष्णता घेते आणि कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं. पण भराभर उडतं म्हणजे भराभर लागतंही. मोठा लोखंडी कूलर तासाला पाच-दहा लिटर पाणी सहज पितो, आणि ज्या दिवसांत तो लागतो नेमक्या त्याच दिवसांत नळाच्या पाळ्या लांबतात, बोअर आटतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात माझ्या लातूरच्या भावाच्या घरी कूलर कोरडा उभा होता आणि दम्याची आई ओला पंचा अंगावर घेऊन फरशीवर झोपायची. पुढच्या वर्षी त्यानं हप्त्यानं एसी घेतला. त्याच्यासारखी कितीतरी घरं मला माहीत आहेत, जिथं एसी पैसा आला म्हणून नाही, पाणी गेलं म्हणून आला. अशा घरात मे महिन्यात मशीन बंद पडलं तर दुरुस्तीचा खर्च हा हौसेचा खर्च नसतो. दवाखान्याच्या फीसारखा तो कुठूनतरी उभा करावाच लागतो.

आता मशीनकडं येऊ. एसी गारवा तयार करत नाही, पाइपांत फिरणाऱ्या गॅसच्या मदतीनं खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. एक टन क्षमता म्हणजे चोवीस तासांत टनभर बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागेल तेवढी उचलण्याची ताकद, तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). पण ही ताकद मोजतात ती बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून. आमच्याकडं मे महिन्यात ३५ अंश सकाळी दहाच्या सुमारासच होऊन जातात. दुपारी ४४ अंशांच्या हवेत उष्णता टाकायची तर घराबाहेरच्या आउटडोअरमधला गॅस त्याहून बराच जास्त तापलेला असावा लागतो. दाब वाढतो, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर जास्त अँपिअर खेचतो आणि गारवा मात्र कागदावरच्यापेक्षा कमी मिळतो. त्यात आउटडोअर पश्चिमेच्या भिंतीवर किंवा गच्चीवर पत्र्याच्या बाजूला बसवलेलं. चोरीच्या भीतीनं काही जण त्याला चहूबाजूंनी दाट जाळीत कोंडतात. मग त्यानं फेकलेली गरम हवा तेच पुन्हा आत ओढतं. वरून सावली आणि समोरून मोकळी हवा, एवढं जरी दिलं तरी मशीनचं आयुष्य वाढतं. हे फिटिंगच्या दिवशीच सांगायला हवं, पण त्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते.

धूळ हा आमचा वेगळाच प्रकार. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, नांगरटीची माती वावटळीनं उठते आणि गावाच्या चारही बाजूंना रस्त्यांची कामं चाललेली असतात. सेलू, मानवत, जालना भागात कापसाच्या जिनिंग आहेत. तिथं हंगामात हवेत तरंगणारे तंतू आउटडोअरच्या कॉइलवरच्या पत्त्यांवर, म्हणजे दाट लावलेल्या पातळ पट्ट्यांवर, बसतात, त्यावर धूळ बसते आणि पहिल्या वळवाच्या पावसात त्याचा लगदा होऊन वाळतो. एकदा जेट पंपानं धुताना जवळून पाहिलं. पहिली दोन-तीन मिनिटं कॉइलमधून पाणी न येता काळा गाळच ओघळत होता, नंतर पत्त्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला लागला. उजेड दिसत नाही तिथून हवाही जात नाही. आमच्या भागात स्प्लिट एसीच्या अशा धुलाईला साधारण पाचशे ते आठशे रुपये घेतात. पुण्यात वर्षातून एकदा पुरत असेल, आमच्याकडं दोनदा लागते. पहिली होळीच्या आधी व्हायला हवी. आतली जाळी तर घरच्या घरी पंधरा दिवसांनी नळाखाली धरली तरी पुरे. फक्त बोअरच्या खाऱ्या पाण्यानं बाहेरची कॉइल रोज भिजवायची सवय लावू नये. आउटडोअरला गार करतोय म्हणून काही जण दुपारी पाणी मारतात, पाणी उडून जातं आणि क्षार पत्त्यांवर राहतात. आंघोळीच्या बादलीवर जो पांढरा थर बसतो तोच.

विजेबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. जुन्या पद्धतीच्या एसीचा कॉम्प्रेसर तेव्हा स्टार्ट घेत नाही, नुसता गुरगुरून बंद पडतो आणि असं वारंवार झालं की जळतो. त्याला स्टार्ट घ्यायला धक्का देणारा कपॅसिटर उन्हानंही लवकर मरतो. मेकॅनिक म्हणतो, "पंखा फिरायलाय पण कॉम्प्रेसर उचलंना." कपॅसिटर गेला असेल तर मजुरीसकट चारशे ते आठशेत काम होतं. आपलं नशीब तेवढं बरं असलं तर. कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणं कमी-जास्त करणारे इन्व्हर्टर एसी वीज वाचवतात, व्होल्टेजही थोडं कमी-जास्त चालवून घेतात, पण त्यांच्या आउटडोअरमध्ये इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो. डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार तुटली की घरात दोनशे तीसच्या जागी चारशेच्या घरात व्होल्टेज येतं. आमच्याकडं त्याला ‘डबल फेज आला’ म्हणतात. त्यात टीव्हीपासून एसीपर्यंत सगळं जातं. आणि पाली. नणंदेच्या एसीचा बोर्ड उघडला तेव्हा सोल्डरिंगच्या दोन टाक्यांच्या मधे पाल चिकटून वाळलेली होती, शेजारी काळा डाग. उबेला आत शिरते, दोन जागांना एकदम शिवते आणि बोर्ड शॉर्ट होतो. बोर्ड दुरुस्त होण्यासारखा असेल तर दीड-दोन हजार, नवा घ्यायचा तर चार हजारांपासून दहा हजारांच्या पुढंही, कंपनी आणि मॉडेल पाहून. वायरी आत जातात ते भोक सिलिकॉननं नीट बुजवायला पन्नास रुपयेही लागत नाहीत.

पण सगळ्यात जास्त पैसा जातो तो गॅसवर, आणि माझं खरं म्हणणं त्याबद्दलच आहे.

नणंद जिंतूर रोडला राहते. तिच्याकडं दर उन्हाळ्यात गॅस भरला जायचा. येणारा यायचा, पाइपला गेज लावायचा, "गॅस संपलाय" म्हणायचा, अर्ध्या तासात भरून अडीच-तीन हजार घेऊन जायचा. एसी जूनपर्यंत गार. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच. मागच्या मे महिन्यात तिचा नेहमीचा माणूस लग्नाला गेला होता म्हणून दुसऱ्याला बोलावलं. आयटीआय केलेला तरुण पोरगा, सोबत त्याहून लहान हेल्पर. मी तेव्हा तिथंच होते. त्यानं गॅसच्या सिलिंडरला हातच लावला नाही. आधी जाळी काढून धुतली, ब्लोअर पाहिला. कॉइलवर बर्फ जमतो तो गॅस कमी असतानाही आणि हवा अडली असतानाही, म्हणून आधी हवा मोकळी करून बघायचं, असं तो हेल्परला समजावत होता. तरी गार होईना. मग नणंद म्हणाली, "गॅसच संपला असंल बघ, दर वर्षीच संपतो."

"काकू, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला? बंद पाइपात फिरत असतो तो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी निघायलाय."

त्यानं इनडोअर भिंतीवरून अलगद पुढं ओढलं आणि मोबाइलचा टॉर्च मागं मारला. तांब्याच्या पाइपाला जोडणारी पितळी फ्लेअर नट होती, तिच्याभोवतीच्या काळ्या फोमवर तेलकट डाग होता आणि डागावर धूळ घट्ट बसलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं, त्यामुळं गळती असते तिथं धूळ चिकटते, हे मला त्या दिवशी कळलं. तरी नुसत्या डागावर त्यानं विश्वास ठेवला नाही. नायट्रोजनचं नळकांडं हेल्परनं जिन्यावरून वर आणलं, लाइनमध्ये दाब भरला आणि भांडी घासायच्या साबणाचा फेस करून एकेका जोडावर लावला. बाकीचे जोड शांत होते. त्या नटपाशी फेसात एक बारीक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. पाइपाचं तोंड फिटिंगच्या वेळीच तिरकं फुगवलेलं होतं. त्यानं तेवढा तुकडा कापला, नवं तोंड केलं, नट बसवली, पुन्हा फेस लावून पाहिलं. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवला, कारण लाइनमध्ये राहिलेली हवा आणि ओल तेलात मिसळून आतल्या आत आम्ल तयार करते आणि ते हळूहळू कॉम्प्रेसर खातं. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून, आउटडोअरच्या पट्टीवर छापलेले ग्रॅम बघून तेवढाच गॅस सोडला. सगळं मिळून तीन तास गेले. गच्चीवरच्या आउटडोअरच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता, तो ओला टॉवेल धरून काम करत होता.

बिल झालं साडेतीन हजार. गॅसचे, व्हॅक्यूमचे, नायट्रोजनचे आणि त्यात ‘लीकेज शोधणे’ म्हणून पाचशे. नणंदेच्या यजमानांनी गॅसच्या पैशांबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी त्या पाचशेवर बोट ठेवलं. "शोधायचे कसले पैसे? ते तर तुझं कामच आहे."

हे मी इतक्या घरांत ऐकलंय. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला जड जात नाही. गॅस, कपॅसिटर, बोर्ड, दिसतं ते. डोकं लावण्याचे पैसे द्यायला हात आखडतो. आपण शोधणाऱ्याला काही देत नाही, तेव्हा तो आपल्याला वस्तूच विकणार. गळती शोधून नीट काम करायला तीन तास आणि त्यातलं शोधणं फुकट, नुसता गॅस भरायला अर्धा तास आणि अडीच हजार. मे महिन्यात दिवसाला दहा फोन येणाऱ्या पोरानं काय निवडावं? नणंदेचा तो जुना माणूस चोर होता असं मी म्हणणार नाही. तीन हजार देऊन जून काढता आला की गिऱ्हाईक खूश असायचं, आणि खूश गिऱ्हाइकाला तो पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तेच देत होता.

या पोरांचं वर्षाचं गणितही बघायला हवं. मार्च ते जून चार महिने त्यांना झोप नसते. पाऊस पडला की फोन बंद. मग कुणी फ्रिज, वॉशिंग मशीन करतो, कुणी हिवाळ्यात गीझर, कुणी सरळ पुण्याला कंपनीत जातो आणि फेब्रुवारीत परत येतो. आयटीआयला रेफ्रिजरेशन-एअर कंडिशनिंगचा कोर्स दोन वर्षांचा. त्यानंतर व्हॅक्यूम पंप, गेज, नायट्रोजनचा संच, जेट पंप, सगळं स्वतःच्या पैशानं उभं करावं लागतं. ज्याच्याकडं पंप नाही तो व्हॅक्यूम करत नाही आणि म्हणून पाचशे-हजारानं स्वस्त पडतो. दुसऱ्या मजल्याच्या भिंतीला, खाली पाय ठेवायला कठडासुद्धा नाही अशा जागी दोरी बांधून उतरण्याचे जास्त मागितले तर ते जास्त कसे म्हणायचे, मला कळत नाही.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्यांचं वेगळं. वॉरंटी दहा वर्षांची म्हणून जाहिरात असते, ती बहुतेक वेळा कॉम्प्रेसरची. त्यासोबतचा गॅस, मजुरी, वाहतूक यांचे पैसे आपलेच असू शकतात, कार्डावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते घेतानाच वाचावं. मोठ्या शहरात पार्ट त्याच दिवशी मिळतो. परभणी, हिंगोली, बीडमध्ये तो संभाजीनगरहून, पुण्याहून नाहीतर हैदराबादहून येतो. तोपर्यंत घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुठं ठेवायचं, या प्रश्नापायी माणसं वॉरंटी सोडून बाहेरच्या मेकॅनिकला हात जोडतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे.

राहिला प्रश्न जुन्या मशीनचा. आउटडोअरच्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं, ते बघून घ्यावं. जुन्या एसीत आर-२२ असतो. तो ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्यानं बंद होतोय, आपल्याकडं २०३० हे त्याचं शेवटचं वर्ष धरलंय. हा करार झाला तो दिवस १६ सप्टेंबर, जगभर ओझोन दिन. दुसऱ्या दिवशी आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन असतो, त्यामुळं आमच्या शाळेत ओझोनचे तक्ते नेहमी झेंड्याच्या तयारीत मागं पडतात, याचं मला दर वर्षी वाईट वाटतं. नव्या मशीनमध्ये बहुतेक आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, हवा तापवण्यात मात्र त्याचाही हातभार आहे, आर-२२ पेक्षा बराच कमी. तो थोडासा पेट घेणारा आहे, म्हणून लाइनमध्ये गॅस असताना पाइप जोडायला गॅसबत्ती पेटवणाऱ्याला थांबवावं. आणि गळका एसी दर वर्षी नव्यानं भरणं म्हणजे दर वर्षी तेवढा गॅस आकाशात सोडणं, तेही आमच्यासारख्या होरपळणाऱ्या मुलखात.

भावाचा तो एसी आर-३२ चा आहे, अजून धडधाकट चालतो. पण त्याच्या घरमालकाचा आर-२२ चा जुना एसी मागच्या वर्षी कॉइलमध्येच दोन जागी गळायला लागला. फ्लेअर नट गळली तर ती नीट होते, पातळ पाइपाच्या कॉइलला सूक्ष्म भोकं पडली की एक बुजवेपर्यंत दुसरं उघडतं. मेकॅनिकनं कॉइलचे आठ-नऊ हजार सांगितले आणि स्वतःच म्हणाला की घालू नका. माझा हिशोब असा: मशीन दहा वर्षांच्या आसपासचं असेल आणि दुरुस्ती नव्या मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या पुढं जात असेल, तर थांबावं. सप्टेंबर २०२५ मध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळं हा हिशोब नव्याच्या बाजूला थोडा आणखी झुकलाय. या मर्यादेच्या आतल्या दुरुस्त्या मात्र मनापासून कराव्यात. आणि रिमोटवर १८ लावून गोधडी घेऊन झोपण्याऐवजी २५-२६ ठेवून पंखा लावावा. ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं की एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. वीज वाचते तिथं कॉम्प्रेसरही वाचतो.

यंदा आमच्या वरच्या खोलीतला एसी कमी गार करतोय असं वाटलं, तेव्हा मी फेब्रुवारीतच त्या पोराला फोन लावला. गॅस भरायचे किती, हे विचारलंच नाही. गळती शोधून द्यायचे किती घेशील, एवढंच विचारलं.

"पाचशे, काकू. पण सापडली नाही तरी पाचशे लागतील."

"लागू दे. ये रविवारी."